ताईची थंडी

“वाजतेय गं थंडी,” ताई म्हणाली.

“वाजणारच. त्यासाठीच तर आणलंय तुला,” असं म्हणत धाकटीने पाण्याच्या यंत्राची कळ आणखी थोडी खाली फिरवली.

ताई अरुंद खाटेवर उताणी पडली होती. अंगात जाकीट, जाकिटात बारीक नळ्यांचं जाळं आणि नळ्यांतून फिरणारं गार पाणी. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. एक खाट, एक खुर्ची, ते यंत्र आणि भिंतीवर घड्याळ, एवढाच संसार. शेजारच्या खोलीत तपासणीचं मोठं मशीन होतं. थंडीत ठेवलेल्या माणसाच्या अंगातला कुठला भाग ऊब तयार करतोय, ते त्यात दिसायचं. माणसाच्या अंगात एक तपकिरी चरबी असते, ती अन्न जाळून ऊब देते, आणि वजन वाढलेल्या माणसात ती नीट काम करते की नाही, हे डॉक्टरीणबाईंना शोधून काढायचं होतं. सडपातळ माणसं हवी तेवढी मिळाली होती. जाड माणसं मात्र नाव ऐकूनच मागे सरायची. कोण येणार आपणहून जाकीट घालून थंडीत पडायला, आणि वर आपलं वजन चारचौघांत करून घ्यायला?

तेव्हा तिथे नर्स असलेली धाकटीच म्हणाली होती, “माझी बहीण येईल.”

ताईला विचारायच्या आधीच म्हणाली होती. ताई नाही म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ताई तिला कधीच नाही म्हणाली नव्हती.

सकाळी ती ताईला घेऊन आली तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या, “सिस्टर, ह्या तुमच्या सिस्टर का?” सगळे हसले, ताईही हसली. मग जाकीट आलं. सगळ्यात मोठं जाकीट होतं, तरी पुढून बंद होईना. धाकटीने पट्टे ओढून पाहिले, ताईने पोट आत घेऊन पाहिलं. शेवटी मशीनवरच्या मुलाने दुसऱ्या जाकिटाचा पट्टा काढून जोडला. जोडताना तो आणि दारातली दुसरी नर्स एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसले. तेवढंच. पण धाकटीच्या कानशिलांत रक्त चढलं. राग त्या दोघांचा यायला हवा होता, आला ताईचा. ‘थोडं तरी जपायला काय झालं होतं हिला,’ असं तिच्या मनात आलं, आणि तिथून पुढे तिचा आवाज कोरडाच राहिला.

काम तसं सोपं होतं. पाणी हळूहळू गार करत न्यायचं आणि माणसाला सारखं विचारत राहायचं. थरथर सुरू झाली की थांबायचं, पाणी जरासं कोमट करायचं आणि माणसाला तेवढ्याच गारव्यात तासभर ठेवायचं. थरथरू द्यायचं नाही, यावर डॉक्टरीणबाईंचा फार कटाक्ष होता. थरथरलं की स्नायू ऊब तयार करतात, मग तपकिरी चरबीचं काम कळत नाही. हे त्यांनी धाकटीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिनेही आतापर्यंत ते चोख पाळलं होतं.

“अगं, खरंच वाजतेय,” ताई पुन्हा म्हणाली. “आतपर्यंत गेलीय.”

“ताई, आत्ताशी तर सुरू केलंय. काल एक काडीसारखी मुलगी आली होती, तिनं याच्यापेक्षा किती गार पाणी सोसलं. तू तर...”

पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती, घरात ते हजारदा बोलून झालं होतं. ताईने सोळाव्या वर्षी खिडकी लावून घेतली तेव्हा आई म्हणाली होती, एवढी गादी अंगाला गुंडाळून आलीस, तरी तुला थंडी. धाकटीच्या नवऱ्याचंही तेच. ताई त्यांच्याकडे राहायची. जेवताना पंखा लावला की ती हळूच ताट उचलून भिंतीकडे सरकायची. “ताई, तुमच्याकडे घरचं गोडाऊन आहे, तुम्हाला कसली थंडी,” असं तो म्हणायचा. मनाने वाईट नव्हता. ताईही हसायची आणि जेवत राहायची. ताई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. भर उन्हाळ्यात तिथे बाकीच्या बायका घामाने निथळायच्या आणि ताई मात्र वाफेच्या इस्त्रीशेजारची जागा कुणाला देत नसे. त्याचीही घरात चेष्टाच व्हायची.

ताई पुन्हा काही बोलली नाही. तिने डोळे मिटले. धाकटी घड्याळ बघायची, यंत्राकडे बघायची, मशीनची ठरलेली वेळ टळू नये म्हणून मनाशी हिशेब करायची. मध्येच तिची नजर ताईच्या मानेवर गेली. मानेच्या दोन्ही शिरा ताणून उभ्या राहिल्या होत्या. जबडा घट्ट मिटलेला होता, आणि चादरीखाली हाताची मूठ बारीक हलत होती.

धाकटीने पाहिलं. आणि मग नजर यंत्राकडे वळवली. कळ मात्र वर फिरवली नाही.

*

तपासणी झाली. ताईला बाहेरच्या बाकावर बसवून, खांद्यावर ब्लँकेट घालून धाकटीने तिच्या हातात चहा दिला. ताई कप दोन्ही तळव्यांत धरून बसली. पीत नव्हती, नुसती धरून बसली होती.

“सिस्टर, जरा आत येता?” डॉक्टरीणबाईंनी हाक मारली.

पडद्यावर माणसाचा करडा आकार होता. ती ताईच होती, पण ओळखू येत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधी शेजारी दुसरं चित्र लावलं, काल आलेल्या त्या काडीसारख्या मुलीचं. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडांच्या वर आणि पाठीच्या कण्याशी काळेभोर ठिपके होते. तिथे तिची तपकिरी चरबी पेटली होती. ताईच्या चित्रात ते ठिपके नव्हते. त्याऐवजी मानेपासून खांद्यांपर्यंत आणि फासळ्यांच्या मधून लांबच लांब काळे पट्टे उमटले होते.

“हे स्नायू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मानेचे, खांद्यांचे, हे बघा, फासळ्यांमधलेसुद्धा. या थरथरत होत्या, सिस्टर. थोडा वेळ नाही, चांगला बराच वेळ.”

धाकटी पडद्यावरचे पट्टे बघत राहिली.

“तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही.”

“आणि त्या बोलल्या नाहीत? थंडी वाजतेय म्हणून?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “काही बोलल्या नाहीत.”

उत्तर इतक्या सहज आलं की क्षणभर तिलाच ते खरं वाटलं. मग ते परत घ्यावंसं वाटलं. पण तोवर डॉक्टरीणबाई खुर्ची सारून उठल्या होत्या.

“होतं असं कधी कधी. माणसं भिडस्त असतात,” त्या म्हणाल्या. “मी बोलते त्यांच्याशी.”

धाकटीला त्यांच्या मागे जायचं नव्हतं. तरी गेली.

डॉक्टरीणबाई बाकावर ताईच्या शेजारी बसल्या. बाई चांगल्या होत्या, आवाजही मऊ. “ताई, थंडी जास्त झाली की तुम्ही लगेच सांगायला हवं होतं. सिस्टर समोरच होत्या ना? न सांगता सोसलंत, त्यामुळे तपासणीही वाया गेली आणि तुम्हालाही त्रास झाला.”

ताईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखाद्याने नाव पुकारलं की माणूस मान वर करून बघतं, तेवढंच.

“हो,” ताई म्हणाली. “माझ्या लक्षात राहिलं नाही. चुकलं माझं.”

“चुकलं वगैरे नाही हो. पुढच्या वेळी फक्त बोलायचं.”

“बोलेन,” ताई म्हणाली. मग कपाकडे बघत तिने विचारलं, “एक विचारू का? मला अशी थंडी वाजते, ती खरी असते का? की मनाचे खेळ?”

“मनाचे खेळ कशाला? कोण म्हणतं?”

“कुणी नाही. असंच.”

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं. चरबी दोन तऱ्हेची. पांढरी ती साठवणारी, तपकिरी ती जाळणारी. तान्ह्या बाळांत तपकिरी भरपूर असते, मोठ्यांत थोडीच उरते, मानेजवळ आणि कण्याशी. थंडी लागली की मेंदू तिला निरोप धाडतो आणि ती शेगडीसारखी पेटते. वजन फार वाढलं की तिच्यातही तेल साठायला लागतं, ती पांढरीसारखी फिकी पडते, निरोप आला तरी जागची हलत नाही. “वरून पांघरूण जाड असतं, पण आतली शेगडी विझत आलेली असते. सगळ्यांचं सारखं नसतं. जाड माणसांपैकी पुष्कळांना थंडी कमीच वाजते. पण तुमच्यासारखी माणसंही असतात. वजन उतरलं तर काहींची शेगडी थोडीफार पुन्हा पेटतेही. तुमची कितपत चालते ते मी आजच्या चित्रावरून नक्की सांगणार नाही, ते स्वच्छ आलेलं नाही. पण तुम्हाला थंडी वाजत होती, हे मात्र त्यात लख्ख दिसतंय. त्यात खोटं काही नाही.”

“दिसतंय का चित्रात?” ताईने विचारलं.

“दिसतंय ना.”

ताईने मान हलवली. कपातला चहा निवून गेला होता, तो तिने एका दमात पिऊन टाकला.

*

घरी जाताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण बोलल्या नाहीत. ताईने एवढंच विचारलं, “रात्रीला भाजी आहे का घरात?” धाकटी म्हणाली, “आहे.”

त्या दिवसापासून धाकटीचं घरातलं वागणं बदललं. जेवताना तिने पंखा बंद केला. रात्री ताईच्या अंथरुणावर जास्तीचं ब्लँकेट टाकलं. नवरा सवयीने गोडाऊनचं काहीतरी बोलायला गेला, तर त्याच्यावर अशी खेकसली की तो ताट हातात धरून बघतच राहिला.

“काय झालं हिला?” त्याने ताईला विचारलं.

“काम जास्त पडतंय,” ताई म्हणाली, आणि उठून तिने पंखा पुन्हा चालू केला. मग धाकटीला म्हणाली, “त्यांना उकडतंय गं. दिवसभर आगारात बसच्या इंजिनाखाली असतात.”

धाकटी ब्लँकेट घालायची, ताई घडी करून पायाशी ठेवायची. धाकटी सकाळी अंघोळीला पाणी कढत करून द्यायची, ताई म्हणायची, “मी आजारी नाही.” त्या बोलण्यात राग नसायचा. रागावली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटायचं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते.

इस्पितळात डॉक्टरीणबाई एकदा सहज म्हणाल्या, “तुमची बहीण फार सोशिक हो.” धाकटी “हो” म्हणाली आणि हातातला ट्रे घेऊन, काही काम नसताना, जिना चढून वर गेली.

शेवटी एका दुपारी ती इस्त्रीच्या दुकानात गेली. ताई नेहमीच्या जागी उभी होती. पुढ्यात हॉटेलच्या पांढऱ्या चादरींचा ढीग होता, वाफेने तिचे केस कपाळाला चिकटले होते. इतकी वर्षं इथून जाता-येता धाकटीने तिला काचेतून पाहिलं होतं, आत मात्र कधी आली नव्हती. ताईचे हात किती झरझर चालतात ते तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. फक्त इस्त्री उजवीकडे नेताना ताई मानेऐवजी अख्खं अंग वळवत होती.

“मान दुखतेय का अजून?”

“आखडलीय जराशी. जाईल.” ताईने चादर उलटली. “तू इथं कशी?”

“ताई, मी डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं. तू बोलली नाहीस म्हणून.”

“माहितीय मला.”

“मग तू का हो म्हणालीस?”

“तुझी नोकरी आहे तिथं. माझं काय जातंय?” ताईने चादरीच्या कडा जुळवल्या, दुमडल्या, त्यावरून इस्त्री फिरवली. “आणि खरं सांगू का? मला त्या वेळी नवल नाही वाटलं. मी थंडी वाजतेय म्हणते आणि कुणी ऐकत नाही, यात नवीन काय होतं?”

धाकटी टेबलाची कड धरून उभी राहिली. पलीकडच्या टेबलावरची बाई कपडे मोजता मोजता थांबून पुन्हा मोजायला लागली.

“एकच विचारते,” ताई म्हणाली. या वेळी तिने इस्त्री उभी करून ठेवली. “मी डोळे मिटले, त्यानंतर. तू माझ्याकडे पाहिलं होतंस का? की तुझं लक्षच नव्हतं?”

‘नव्हतं’ म्हणणं सोपं होतं. ताईने तेही मान्य करून टाकलं असतं.

“पाहिलं होतं,” धाकटी म्हणाली. “तुझी मान ताठली होती. हात हलत होता.”

“तरी?”

“तरी.”

“का गं?”

“त्या पट्ट्यावरून ते दोघं हसले ना. मला लाज वाटली तुझी. मग राग आला. वाटलं, सोसू दे.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा वाफेने लाल झाला होता, त्यामुळे त्यावरचं काही वाचता येत नव्हतं. मग तिने पुढची चादर ओढून घेतली.

“बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली. “आता जा. तुझी ड्युटी असेल.”

*

धाकटी तिथून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. मोकळी झाली म्हणायचं एवढंच, मोकळं काही वाटलं नाही. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे त्या दोनदा बोलल्या होत्या.”

“हो.”

“आणि मी बाहेर जाऊन त्यांनाच सांगितलं, की तुम्ही बोलायला हवं होतं.”

“हो,” धाकटी पुन्हा म्हणाली.

“तपासणी वाया गेली, ते सोडा,” बाई म्हणाल्या. “हे मात्र मला नाही आवडलं, सिस्टर.”

त्यांनी तक्रार वरपर्यंत नेली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून धाकटीला थंडीच्या खोलीतून काढून पुन्हा वॉर्डात पाठवलं. तिच्या जागी ती दारात उभी राहिलेली दुसरी नर्स आली. कुणी काही विचारलं नाही, तरी सगळ्यांना कळलं होतं. जिन्यात भेटल्यावर मशीनवरचा मुलगा जरुरीपेक्षा जास्त अदबीने बाजूला सरायचा.

बाई स्वतः इस्त्रीच्या दुकानात जाऊन ताईला भेटल्या. काय बोलणं झालं ते ताईने घरी सांगितलं नाही. जेवताना फक्त एवढं म्हणाली, “त्या पुन्हा बोलावताहेत. चित्र नीट काढायचंय म्हणे.”

“जाऊ नका हो ताई,” धाकटीचा नवरा म्हणाला. त्याला तोवर सगळं कळलं होतं. त्यानंतर गोडाऊनचं नाव त्याने काढलं नव्हतं. “कशाला तो ताप पुन्हा?”

“जाते की. मलाही बघायचंय माझी शेगडी आहे की नाही ते.” ताईने भात कालवला. मग धाकटीकडे न बघता म्हणाली, “तू सोबत ये. पण आत नको येऊ. पाणी त्या दुसऱ्या मुलीला सोडू दे.”

“बरं,” धाकटी म्हणाली.

“वाईट नको वाटून घेऊ.”

“नाही.”

“तू समोर असलीस की मी बोलणार नाही. सवय गेलीय.”

ठरलेल्या दिवशी दोघी सकाळी निघाल्या. या खेपेला बाईंनी नवीन जाकीट मागवलं होतं, मापाचं. ते ताईच्या अंगावर व्यवस्थित बसलं असावं, कारण आतून कुणाच्या ओढाताणीचा आवाज आला नाही. दार लोटलेलं होतं, पुरतं लागलेलं नव्हतं. धाकटी बाहेरच्या बाकावर बसली. कपडे साधेच होते, गणवेश नव्हता, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती कुणा पेशंटची नातेवाईक वाटत होती.

आत यंत्र सुरू झालं. पाण्याची बारीक घरघर ऐकू यायला लागली.

“ताई, कसं वाटतंय?” ती दुसरी नर्स विचारत होती.

“ठीक आहे.”

जरा वेळाने पुन्हा, “आता?”

“गार वाटतंय. पण चालेल.”

धाकटी बाकाच्या कडेला सरकून बसली होती. हात मांडीवर होते, एकात एक गुंतवलेले. घरघर चालू होती. आत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि तिला वाटलं, ताई पुन्हा डोळे मिटून पडलीय. उठावं, दार ढकलावं, कळ फिरवावी, असं तिच्या अगदी पायांत आलं. पण आत यायचं नाही, असं ताईने सांगितलं होतं.

“वाजतेय थंडी,” आतून ताईचा आवाज आला. हळूच, चाचपडल्यासारखा.

“वाजतेय ना? बरं. थांबा, पाणी जरा कोमट करते,” नर्स म्हणाली.

यंत्राचा आवाज बदलला.

“आता बरंय?” नर्सने विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. “आता बरंय.”

बाहेर धाकटी होती तशीच बसून राहिली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि बाकावर जागा आहे का म्हणून विचारू लागले. तिने मान हलवली आणि त्यांना बसता यावं म्हणून जराशी आणखी कडेला सरकली.